लेनिनग्राडचा हिवाळा आणि परळचा विहार

परळ-लालबागच्या गिरणगावाचा रशियाशी जडलेला संबंध ऑक्टोबर क्रांतीहूनही जुना आहे. १९०८ च्या जुलै महिन्यात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली आणि तिच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले, तेव्हा स्वदेशातून परागंदा होऊन जिनिव्हात राहणाऱ्या लेनिनने त्या हरताळाची दखल घेऊन, हिंदुस्थानातील कामगारवर्ग राजकीय लढ्यास सिद्ध झाला असल्याचा निर्वाळा आपल्या लेखात दिला होता. पुढे १९२१ साली श्रीपाद अमृत डांगे या तरुणाने मुंबईत ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात रशियातील कापड कामगारांनी पाठविलेला पैसा संपफंडात जमा झाला आणि त्यावरून सरकारदरबारी मोठा गहजब उडाला. हे सर्व इतिहासग्रंथांत नमूद आहे. परंतु गिरगावच्या सभांतून आणि परळच्या मैदानांतून ज्या देशाविषयी इतके बोलले जात होते, त्या देशात त्या काळी प्रत्यक्ष जाऊन राहिलेल्या परकीय मनुष्याला सकाळी पाव कोठून मिळे, रात्री अंग टाकण्यास जागा केवढी मिळे, थंडीचे निवारण कशाने होई आणि इतक्या विवंचनांतूनही सुखाचे चार क्षण त्याच्या वाट्यास कसे येत, या साध्या प्रश्नांकडे आपले लक्ष क्वचितच गेले आहे.

क्रांतीनंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांत रशियात मुक्काम करणारे परकीय नाना प्रकारचे होते. खिलाफतीच्या उमाळ्यात अफगाणिस्तानमार्गे तुर्कस्तानकडे निघालेले काही मुहाजिर तरुण ताश्कंदला थांबून तेथे हिंदी लोकांसाठी उघडलेल्या लष्करी शाळेत दाखल झाले आणि ती शाळा १९२१ मध्ये बंद झाल्यावर त्यांच्यापैकी कित्येकांनी मॉस्कोत नुकत्याच स्थापन झालेल्या, पूर्वेकडील श्रमिकांसाठी असलेल्या कम्युनिस्ट विद्यापीठाचा रस्ता धरला. १९१४ साली पोरवयात रावळपिंडीकडून मुंबई बंदरात येऊन जहाजावर खलाशी झालेले अमीर हैदर खान अमेरिकेची वारी करून १९२६ मध्ये याच विद्यापीठात पोहोचले आणि १९२८ मध्ये मुंबईस परतून कामगारांत मिसळले. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदी बर्लिनवासी क्रांतिकारकांच्या समवेत १९२१ मध्ये मॉस्कोस गेले. पुढे पंचवार्षिक योजनेच्या धामधुमीत अमेरिकन व जर्मन इंजिनियर आणि कारागीर हजारोंनी आले. आणि या सर्वांहून निराळे, राजकारणाच्या कोणत्याही कामगिरीवाचून केवळ विद्येच्या निमंत्रणावरून गेलेले एक मराठी पंडित होते, ते म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी.

खानखोज्यांची मंडळी गेली तो काळ अतिशय खडतर होता. यादवी युद्ध नुकतेच ओसरले होते, व्होल्गा नदीच्या खोऱ्यात अवर्षणाने पिके करपून भीषण दुष्काळ पडला होता आणि चलनाचे मोल दिवसागणिक ढासळत होते. आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेच्या पाहुण्यांना मॉस्कोच्या त्वेरस्काया रस्त्यावरील लक्स नावाच्या हॉटेलात उतरवीत. ते हॉटेल फिलिपोव या नामांकित पाववाल्याच्या घराण्याने बांधलेले. परंतु त्याच इमारतीत आता काळ्या, आंबूस, ओलसर राय-पावाचा तुकडा हेच मुख्य अन्न झाले होते. दारावर पहारा असे, येणाऱ्याजाणाऱ्याला परवाना दाखवावा लागे, भेटीस आलेल्या मनुष्याला आपले कागद दरवाजावर ठेवून आत जावे लागे आणि ठराविक वेळी बाहेर पडावे लागे. ज्यांनी ब्रिटिश हेरांना चुकवीत अर्धे जग पालथे घातले होते, त्यांना मित्रांच्या घरीही पहाऱ्यातच राहावे लागावे, याचा मनावर होणारा परिणाम उपासमारीपेक्षा कमी नव्हता. खानखोजे हे अमेरिकेत कृषिशास्त्र शिकलेले गृहस्थ. ते १९२४ मध्ये मेक्सिकोस गेले आणि तेथे मक्याच्या संशोधनात त्यांनी आपले आयुष्य वेचले, हा त्यांच्या चरित्राचा पुढील भाग सर्वश्रुत आहे.

कोसंबींची गोष्ट अधिक विस्ताराने सांगण्याजोगी आहे. गोमंतकातील साखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेल्या आणि बुद्धाच्या धर्माचा मूळ भाषेतून शोध घेण्यासाठी १८९९ मध्ये घर सोडून निघालेल्या या मनुष्याने पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास बव्हंशी दारिद्र्यात केला, कलकत्त्यास व पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली आणि ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाच्या अनेक फेऱ्या केल्या. १९२९ साली पाली भाषेच्या अध्यापनासाठी ते लेनिनग्राडला गेले, तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न वर्षांच्या घरात होते. त्या नगरात बौद्ध विद्येची परंपरा जुनी होती. पालीचे व्याकरण लिहिणारे मिनायेव एकोणिसाव्या शतकातच हिंदुस्थानात तीन वेळा येऊन गेले होते. ओल्डेनबुर्ग यांनी १८९७ मध्ये ‘बिब्लिओथेका बुद्धिका’ ही ग्रंथमाला सुरू केली होती. आणि श्चेरबात्स्कोय हे तर १९१० मध्ये हिंदुस्थानात राहून पंडितांकडून न्यायशास्त्र शिकलेले आणि संस्कृतात संभाषण करणारे आचार्य होते. १९२८ मध्ये तेथील विज्ञान अकादमीने बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्थाही स्थापन केली होती. धर्म ही अफू आहे असे भिंतीभिंतीवर लिहिणाऱ्या राज्यात बुद्धवचनाचे अध्ययन सरकारी खर्चाने चालावे, हे त्या काळाचे एक विलक्षण वैशिष्ट्य होय.

हिम कोसंबींना नवीन नव्हते, कारण बॉस्टनकडील हिवाळे त्यांनी काढलेले होते. परंतु लेनिनग्राडचा हिवाळा हा थंडीइतकाच अंधाराचा असतो. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा, आणि त्यातही सूर्य ढगांतून बाहेर येईलच असे नाही. नेवा नदी गोठून तिच्यावरून माणसे पायी ये-जा करीत. घरांना दुहेरी खिडक्या असून हिवाळ्याच्या आरंभी त्यांच्या फटी लांबी व कागद लावून बुजवून टाकीत आणि हवा येण्यासाठी एक लहानसे झडपेचे तावदान तेवढे मोकळे ठेवीत. खोलीच्या कोपऱ्यातील भाजक्या मातीच्या फरशांच्या उंच शेगडीत भूर्जाची लाकडे जाळीत. ती लाकडेही मोजून मिळत. बुटांवर रबरी गलोश चढविल्यावाचून पाऊल टाकता येत नसे, आणि ग्रंथालय असो वा नाट्यगृह, दारातच ते गलोश व जड कोट उतरवून बिल्ला घ्यावा लागे. नित्य स्नानाची सवय अंगात मुरलेल्या हिंदी मनुष्याला तर आणखी एक अडचण होती. बहुतेक घरांत न्हाणीघर नसे, किंवा असलेच तर त्याला पाणी तापविण्याइतके सरपण नसे, म्हणून आठवड्यातून एकदा सार्वजनिक स्नानगृहात जाऊन वाफेत बसणे व भूर्जाच्या कोवळ्या डहाळ्यांनी अंग झोडून घेणे हाच तेथील शिरस्ता होता. प्रथम संकोच वाटणारी ही रीत अंगवळणी पडल्यावर कित्येक परकीयांना साऱ्या आठवड्यातील परमसुख वाटू लागे.

अन्नाचा प्रश्न याहून बिकट होता. १९२८ च्या अखेरीपासून लेनिनग्राडमध्ये पावासाठी शिधापत्रिका सुरू झाल्या, लौकरच मॉस्कोत व पुढे सर्व शहरांत त्यांचा अंमल झाला आणि पावापाठोपाठ साखर, चहा, लोणी, मांस हे जिन्नसही मोजून मिळू लागले. कारखान्यातील कामगारांना वाटा मोठा, कचेरीतील नोकरांना त्याहून कमी, आश्रितांना आणखी कमी. आणि पूर्वीचे व्यापारी, धर्मोपदेशक, सरदारघराण्यांतील माणसे अशा ज्यांचा मताधिकार हिरावून घेतला होता त्यांना मुळीच नाही, अशी उतरंड ठरली होती. विद्वानांसाठी मात्र निराळी तजवीज होती. मॅक्झिम गॉर्कीच्या खटपटीने दुष्काळाच्या काळातच त्यांच्या शिध्याची व्यवस्था झाली होती आणि नेवाकाठी एका राजपुत्राच्या वाड्यात विद्वानांचे एक गृहही चालत असे. तरीही रांग चुकत नसे. रांगेत येणाऱ्याने ‘शेवटी कोण?’ असे विचारून आपल्या पुढचा मनुष्य ध्यानात ठेवायचा आणि मागाहून येणाऱ्याला आपण दिसलो की मग खुशाल दुसऱ्या कामास जाऊन परत यायचे, हा अलिखित कायदा सर्वजण इतक्या निष्ठेने पाळीत की परकीय मनुष्य रशियन भाषेतील पहिले वाक्य बहुधा हेच शिके. मांस न खाणाऱ्याची पंचाईत तर विशेषच होती. टॉल्स्टॉयच्या अनुयायांनी मोठ्या शहरांत शाकाहाराचा प्रसार केला होता, पण १९२९ च्या सुमारास मॉस्कोतील त्यांची संस्थाही बंद पडली. मग कोबीचे सार, बकव्हीटची खिचडीवजा कांजी, बटाटे आणि काळा पाव यांवर निर्वाह. चहा मात्र मोजका का होईना मिळे; साखरेचा खडा दातांत धरून वरून कढत चहा प्यायचा, आणि आगगाडीच्या प्रवासात तर प्रत्येक मोठ्या स्टेशनावर उकळत्या पाण्याचा नळ फुकट खुला असे, त्यासाठी उतारू किटल्या घेऊन धावत. दूरच्या प्रवासात कडाक्याच्या थंडीत हाती आलेली ती कढत पाण्याची किटली ज्यांनी अनुभवली, त्यांनी तिचे वर्णन मोठ्या कृतज्ञतेने केले आहे.

राहण्याच्या जागेविषयी मुंबईकराला फार समजावून सांगण्याची गरज नाही. एके काळी एका सधन कुटुंबाच्या मालकीच्या असलेल्या सदनिकेत पाच-सहा कुटुंबे, प्रत्येकाला एक खोली, आणि स्वयंपाकघर, नळ, शौचकूप सर्वांत मिळून एक. दारावर कोणासाठी घंटा किती वेळा वाजवायची याची यादी टांगलेली. स्वयंपाकघरात जितकी कुटुंबे तितके स्टो आणि तितकेच तंटे. गिरगावच्या किंवा लालबागच्या चाळीत ज्याने बालपण काढले, त्याला हे चित्र परके वाटणार नाही. फरक इतकाच की आपल्या चाळीत एका गावची, एका जातीची वा एका धंद्याची माणसे बहुधा आपखुशीने एकत्र येत, आणि तेथे गृहसमितीच्या हुकुमाने प्राध्यापकाशेजारी सुतार व सुताराशेजारी पूर्वाश्रमीची सरदारीण येऊन राही. त्यामुळे भांडणात वर्गभेद मिसळे, आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध केलेली तक्रार नळापुरती न राहता पोलिसांच्या दप्तरापर्यंत जाऊ शके.

कोसंबी तेथे होते त्याच सुमारास आणखी एक विलक्षण हुकूम निघाला. १९२९ च्या शरदऋतूपासून सोव्हिएत सरकारने सात दिवसांचा आठवडाच मोडीत काढला आणि यंत्रे अखंड चालावीत म्हणून चार दिवस काम व पाचव्या दिवशी विश्रांती अशी पद्धत सुरू केली. कामकऱ्यांचे पाच गट पाडून प्रत्येकाला निराळ्या रंगाची खूण दिली. ज्याचा जो रंग, त्याची त्या दिवशी सुट्टी. परिणामी नवऱ्याची सुट्टी एका दिवशी तर बायकोची दुसऱ्या दिवशी, आणि मुलांची शाळा तिसऱ्याच हिशेबाने, अशी कुटुंबांची ताटातूट झाली. ज्या परळच्या कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे अर्जविनंत्या व सभा करून १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळविली, त्यांच्या वंशजांना कामगारांच्या राज्यात रविवार नाहीसा झाल्याची ही वार्ता विचार करावयास लावील. मात्र दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. त्याच सरकारने १९२७ मध्ये सात तासांच्या कामाच्या दिवसाची घोषणा केली होती, आणि मुंबईचा गिरणी कामगार त्या वेळी दहा तास राबत होता. पाच दिवसांच्या आठवड्याचा तो प्रयोग १९३१ अखेर सोडून द्यावा लागला, त्याजागी सहा दिवसांचा आठवडा आला आणि रविवार परतला तो १९४० मध्ये.

थंडी, रांग व दाटी या हालअपेष्टांत परकीय मनुष्य निदान यजमानांचा भागीदार असे. माझ्या मते त्याची खरी अडचण सवलतींनी उत्पन्न केली. परकीय तंत्रज्ञांसाठी तिसाव्या सालानंतर स्वतंत्र भांडारे निघाली, जेथे लोणी, अंडी, साखर विपुल असे. सोने व परकीय चलन घेणारी ‘तोर्गसिन’ नावाची दुकाने झळकली. पाहुण्यांच्या सरबराईसाठी सरकारी संस्था, दुभाषे आणि मोटारी तैनात झाल्या. रवींद्रनाथ टागोर १९३० च्या सप्टेंबरात पंधरवडाभर मॉस्कोत होते आणि जवाहरलाल नेहरू १९२७ मध्ये काही दिवस. दोघांनीही प्रामाणिकपणे जे पाहिले ते लिहिले, विशेषतः शिक्षणाच्या प्रसाराने टागोर भारावले. पण पाहुणा म्हणून पाहणे निराळे आणि हिवाळा काढणे निराळे. ज्याच्या ताटात लोणी आहे आणि ज्याच्या शेजाऱ्याच्या ताटात नाही, त्याला शेजारी मोकळ्या मनाने काही सांगत नाही. आणि भाषा न येणाऱ्याला तर दुभाषा सांगेल तेवढेच जग दिसते. पूर्वेकडील विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा एकांत आणखी दारुण होता. तेथे खऱ्या नावाने वावरण्याची मुभा नसे, घरी पत्र लिहिणे जोखमीचे, आणि आलेले पत्र मुंबईच्या किंवा पेशावरच्या टपालात फोडले गेलेले. आई जिवंत आहे की नाही हे वर्षानुवर्षे न कळता परक्या नावाने अर्थशास्त्राचे पाठ गिरविणाऱ्या त्या पोरांविषयी, त्यांच्या राजकारणाशी मतभेद असणाऱ्यालाही ममत्व वाटावे.

कोसंबींना या एकांतातून वाट होती ती विद्येची. पाली व संस्कृत या दोन भाषा त्यांना आणि त्यांच्या यजमानांना समान होत्या, त्यामुळे दुभाष्याचा अडसर तेथे राहत नसे. श्चेरबात्स्कोय त्या वेळी ‘बुद्धिस्ट लॉजिक’ हा आपला दोन खंडांचा महाग्रंथ सिद्ध करीत होते. त्यांच्याभोवती ओबरमिलर, वोस्त्रिकोव यांच्यासारखे, तिबेटी व संस्कृत ग्रंथांत बुडालेले तरुण शिष्य होते. साखवाळच्या खेड्यातून बुद्धाच्या शोधार्थ निघालेल्या मनुष्याला नेवाकाठी, बर्फाच्या कुशीत, बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीवर वाद घालणारी मंडळी भेटावीत, हा योग दुर्मिळ होय. त्या नगराच्या एका टोकास ग्रॅनाइट दगडात बांधलेले बुद्धमंदिरही होते; १९१५ मध्ये पूर्ण झालेल्या त्या वास्तूच्या उभारणीच्या मंडळात श्चेरबात्स्कोय व ओल्डेनबुर्ग हे दोघेही होते. याखेरीज सर्वसामान्य परकीयाला लाभणारी सुखे होतीच. संगीतिका आणि नृत्यनाट्ये अल्प दरात पाहावयास मिळत, आणि प्रेक्षागृहात शेजारी बसलेला मनुष्य हाताला तेलाचा वास येणारा कामगार असे. जूनमध्ये रात्र अशी होतच नसे. मध्यरात्री दिव्यावाचून वाचता येई आणि सारे नगर नदीकाठी फिरावयास लोटे. साक्षरतेच्या वर्गांत पन्नाशी उलटलेल्या बाया बाराखडी गिरविताना दिसत. यजमानाच्या घरी तीन दिवसांचा शिधा एका रात्रीत पाहुण्यापुढे मांडला जाई, आणि तो नाकारणे हा अपमान समजला जाई. हे आतिथ्य कोणत्याही सरकारी हुकुमाने उत्पन्न झालेले नव्हते.

पण त्याच हिवाळ्यात सावट पडू लागले होते. १९२९ च्या शरदात विज्ञान अकादमीची झडती सुरू झाली आणि ऑक्टोबर अखेरीस खुद्द ओल्डेनबुर्ग यांना, पंचवीस वर्षे सांभाळलेल्या स्थायी सचिवाच्या पदावरून दूर करण्यात आले. पाठोपाठ बौद्ध संस्कृतीची ती स्वतंत्र संस्थाही १९३० मध्ये मोठ्या प्राच्यविद्या संस्थेत विलीन झाली. कोसंबी १९३० मध्ये स्वदेशी परतले, मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. समाजवादाविषयी त्यांना वाटणारा जिव्हाळा लेनिनग्राडच्या अनुभवाने विझला नाही; परंतु तो आंधळाही झाला नाही. १९३५ च्या ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या ग्रंथात त्यांनी पश्चिमेकडील समाजवादी विचारांचाही परामर्श घेतला आणि अहिंसेला प्रज्ञेची जोड मिळावी, असा आग्रह धरला. मला त्या आग्रहात रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांचा सहवास जाणवतो. १९३७ साली परळ भागात, जुगलकिशोर बिर्लांच्या साहाय्याने, त्यांनी ‘बहुजन विहार’ सुरू केला, तो कामगार आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या वस्तीत. हार्वर्डला पाली ग्रंथ संपादिलेल्या व लेनिनग्राडला पाली शिकविलेल्या पंडिताने गिरणीच्या भोंग्याच्या टापूत येऊन राहावे, यात त्याच्या आयुष्याची संगती आहे.

लेनिनग्राडच्या मंडळींची पुढील हकीकत दुःखद आहे. बुद्धमंदिर १९३५ मध्ये बंद झाले. ओबरमिलर त्याच वर्षी आजाराने वारले. वोस्त्रिकोव यांना १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. श्चेरबात्स्कोय १९४२ मध्ये, महायुद्धात वेढलेल्या लेनिनग्राडपासून दूर कझाकस्तानात निधन पावले. खानखोज्यांचे १९२१ चे सहप्रवासी वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय पुढे बर्लिनहून रशियात येऊन लेनिनग्राडच्या मानववंशशास्त्र संस्थेत काम करू लागले होते. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनाही देहदंड झाला, आणि मॉस्कोत शिकून मुंबईस परतलेल्या त्यांच्या भगिनी सुहासिनी यांच्यासह साऱ्या आप्तांना त्यांच्या अखेरीची खरी हकीकत दीर्घकाळ कळली नाही. ताश्कंद-काळातील हिंदी क्रांतिकारक अवनी मुखर्जी यांचा शेवटही त्याच वर्षी तसाच झाला. ‘बिब्लिओथेका बुद्धिका’ ग्रंथमाला १९३७ नंतर खंडित झाली होती. १९६० मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा तोपोरोव यांनी पालीतून केलेले ‘धम्मपदा’चे रशियन भाषांतर तिच्यातून प्रसिद्ध झाले. कोसंबी त्यापूर्वी तेरा वर्षे, ४ जून १९४७ रोजी, सेवाग्रामला अन्नत्याग करून निवर्तले होते.

अण्णा भाऊ साठे रशियास गेले ते १९६१ मध्ये. त्यांच्या प्रवासवर्णनातील देश या लेखातील देशाहून पुष्कळच निराळा आहे, आणि ते पुस्तक मराठी वाचकांस सहज उपलब्ध आहे. त्यापूर्वीच्या चाळीस वर्षांत रशियात राहून आलेल्या माणसांच्या दैनंदिन आयुष्याचा कागद मात्र विरळ आहे. कारण पत्रे फोडली गेली, जप्त झाली किंवा झडतीच्या भयाने चुलीत गेली. तरी गिरगाव, दादर, नायगाव, परळ येथील जुन्या कार्यकर्त्यांच्या आणि अभ्यासकांच्या घरी, माळ्यावरील पेटीत एखादे रशियन शिक्क्याचे पाकीट, एखादा परवाना किंवा शिधापत्रिकेचा तुकडा अजूनही असू शकेल. तो ज्यांच्या हाती लागेल त्यांनी रद्दीत घालू नये. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेकडे, मालकाचे नाव व साल लिहून, सुपूर्द करावा, ही विनंती.